यंत्राला हमी, जोडणीला वाली कोण?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागताच आपल्या वृत्तपत्राच्या घडीतून सौर बंबांच्या जाहिरातींची पत्रके घरोघरी येऊ लागली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरात अशाच एका पत्रकावरून आम्ही दोनशे लिटरचा, वीस काचनळ्यांचा सौर बंब घेतला. उन्हाळ्यासाठी बदनाम असलेल्या मराठवाड्यात गरम पाण्याचे एवढे काय कौतुक, असे बाहेरच्यांना वाटेल. परंतु डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा दोन अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि घरात ऐंशी ओलांडलेल्या, सांधे धरलेल्या सासूबाई असल्या की सकाळचे बादलीभर गरम पाणी ही चैन राहत नाही.

यंत्र वाईट नव्हते, हे आधीच सांगते. काचनळ्या चांगल्या होत्या, टाकीवरचे आवरण जाड होते. जे बिघडले ते सगळे जोडणीत बिघडले, आणि त्या जोडणीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे वर्षभर विचारूनही मला कळलेले नाही.

दुकानदाराने पाठवलेली दोन मुले सकाळी अकराला आली आणि दोनच्या सुमारास काम आटोपून गेली. आमच्या गच्चीवर जिन्याची आठ फूट उंचीची खोली आहे व तिच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे. मुलांनी बंब त्या खोलीच्या उत्तरेला, साडेचार फूट अंतरावर, नळ्या दक्षिणेकडे करून मांडला. त्या दिवशी तेथे लख्ख ऊन होते आणि आम्हीही समाधानाने मान डोलावली. ऑक्टोबरच्या मध्याला आठ फुटांच्या भिंतीची भरदुपारची सावली परभणीत चार फुटांच्या आसपास पडते; डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेला झुकल्यावर तीच सावली सुमारे साडेसात फुटांवर जाते. म्हणजे ज्या महिन्यासाठी बंब घेतला, त्याच महिन्यात ऐन दुपारी नळ्यांचा खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा सावलीत राहू लागला. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि सूर्याच्या दक्षिणायनावर शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या, तरी ऑक्टोबरात ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याची लाज मला आहेच; पण ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांच्या ध्यानात ती यायला नको होती काय?

दुसरी चूक याहून गंभीर होती. बंबाच्या टाकीतली हवा आणि वाफ बाहेर जावी म्हणून तिला एक उभी नळी असते आणि तिचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतील पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावे लागते. आमच्याकडे ही नळी जेमतेम तीन फुटांची ठेवली होती, त्यामुळे वरची टाकी भरली की त्या नळीतून रात्रभर पाणी वाहून जाई. तक्रार केल्यावर आलेल्या मुलाने नळी उंच करण्याऐवजी तिच्या तोंडाला डमी बसवली आणि ‘आता थेंबही पडणार नाही’ असे सांगून तो निघून गेला. थेंब खरोखरच पडला नाही. मात्र हवेची वाट बंद झालेल्या टाकीतून पाणी ओढले गेले की आत निर्वात पोकळी तयार होते आणि आतला पत्रा चेपू शकतो; वाफेलाही बाहेर पडायला जागा उरत नाही. हे आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या नळकारागिराने नुसते वर पाहून ओळखले, आणि डमी काढून नळी टाकीच्या वर नेऊन दिली. त्याची मजुरी आम्हीच भरली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावाने पुष्कळ ऐकून घेतली आहे. ती जोडणीची पद्धत म्हणून वापरली जाईल, असे मात्र वाटले नव्हते.

तिसरी चूक उघडकीस यायला मार्च उजाडावा लागला. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही आणि मधल्या दिवसांत बोअरवर भागवावे लागते, त्यामुळे वरची टाकी कधी ना कधी कोरडी पडतेच. बंबाला थंड पाणी देणारी नळी स्वतंत्र न काढता घराच्याच नळीला जोडलेली होती आणि पाणी उलटे फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तिच्यावर बसवलेला नव्हता. साहजिकच वरची टाकी संपल्यावर खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की बंबातले पाणी मागे फिरून त्या नळातून निघून जाई. मार्चमधल्या एका दुपारी असेच झाले. टाकी रिकामी झाली, नळ्या उन्हात तापत राहिल्या, आम्हाला त्याची कल्पना नव्हती, आणि एकच्या सुमारास बोअरची मोटार लावताच गच्चीवरून परात आपटावी तसा आवाज आला. तीन नळ्या तडकल्या होत्या. या प्रकारच्या बंबात नळ्या थेट टाकीत बसवलेल्या असतात, त्यामुळे एक नळी जरी फुटली तरी टाकीतले पाणी गच्चीवर सांडते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या प्रदेशात असे पाणी पन्हाळीतून वाहताना पाहणे काय असते, ते येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. दुकानदाराचे उत्तर असे की, दुपारी मोटार लावणे ही आमची चूक. रिकामा बंब सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर, नळ्या थंड असतानाच भरायचा असतो, हे त्याने तेव्हा प्रथमच सांगितले.

गरम पाण्याची नळी न्हाणीघरापर्यंत चाळीस फूट उघडी नेली होती, तिच्यावर आवरण नव्हते, त्यामुळे रोज सकाळी आधी तीन-साडेतीन लिटर गार पाणी सोडून द्यावे लागे. पण वरच्या गोष्टींपुढे ती किरकोळ म्हणायची.

दुकानदाराच्या बोलण्यात एक मुद्दा खरा होता आणि तो मी नाकारत नाही. ‘तुमचे पाणीच जड आहे,’ असे तो म्हणाला. बोअरचे पाणी तपासून घेतले तेव्हा कठीणपणा लिटरला सातशे मिलिग्रॅमच्या पुढे निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने २०० ही इष्ट मर्यादा ठरवली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा दिली आहे. असे पाणी तापले की त्यातला विरघळलेला चुना वेगळा होऊन थर धरतो. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट बंबात तो लवकर तुंबतो. काचनळ्या रुंद असल्याने त्या तग धरतात, तरी त्यांच्याही तळाशी गाळ बसतो आणि तो ठरावीक काळाने काढावा लागतो. पण मराठवाड्यात बोअरचे पाणी जड असणे ही काय नवलाची गोष्ट आहे? विक्रीआधी पाणी तपासायला दुकानदाराला कोणी अडवले होते? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आमच्या हमीपत्रात मात्र टाकीला पाच वर्षे, क्षारांमुळे झालेले नुकसान वगळून, काचनळ्यांची फूट वगळून, असे लिहिलेले होते. जोडणीबद्दल त्यात एक ओळही नव्हती. कंपनी दुकानदाराकडे बोट दाखवते, दुकानदार मुलांकडे, आणि ती मुले तोवर दुसऱ्या दुकानात कामाला लागलेली असतात. लहानपणी आमच्या अंगणात पऱ्हाटीवर तापणारा तांब्याचा बंब असे. तो गळू लागला तर कोणाला बोलवायचे, हे घरातल्या पोरालाही माहीत होते.

ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी तोंडी तक्रारीवर विसंबू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार सदोष जोडणी ही सेवेतील त्रुटी ठरू शकते, ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार नेता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, त्यानंतर दुकानदाराने तीन नळ्या आणि व्हॉल्व्ह विनामूल्य बसवून दिले. फोटो आणि तारखा जपून ठेवल्या होत्या, त्यांचा उपयोग झाला.

महानगरपालिकांनाही एक विनंती आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक इमारतींसाठी सौर जलतापनाची तरतूद आहे; पण गच्चीवर बंब दिसला की तपासणी संपते, असा अनुभव अनेक जण सांगतात. हवेची नळी किती उंच, व्हॉल्व्ह आहे की नाही, डिसेंबरात सावली कोठवर येते, पाण्याचा कठीणपणा किती, एवढे चार रकाने असलेला एक कागद जोडणाऱ्याच्या सहीनिशी घरमालकाला मिळावा आणि त्याची प्रत पालिकेत राहावी, एवढे जरी झाले तरी पुष्कळ आहे.

आमचा बंब मागच्या महिन्यात चार फूट उत्तरेला सरकवून घेतला. सरकवण्याची मजुरी कोणी द्यायची, यावर दुकानदाराशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी