बोटीवरची माणसं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांनी विचारलं बोटीच्या सफरीत किती देश झाले, आणि आई, तू विचारलंस जेवायला काय होतं. देश दोनच, ग्रीस आणि वाटेत एक दिवस तुर्कस्तान. जेवणात तुला 'फावा' आवडला असता. सांतोरिनी बेटावर वाटाण्याच्या डाळीसारख्या एका पिवळ्या डाळीचा करतात, वर ऑलिव्हचं तेल आणि कच्चा कांदा. फोडणी घालायची राहून गेलेलं घट्ट वरणच म्हण ना!

पण सांगायचं होतं ते माणसांबद्दल. जेवणाच्या टेबलावर मेलबर्नचे एक आजोबा होते, मूळचे रोड्सचे. त्यांचे वडील जन्मले तेव्हा बेटावर तुर्कांचं राज्य होतं. 1912 साली इटली आली, मोठी बहीण त्या राज्यात जन्मली. हे स्वतः 1948 नंतरचे, म्हणजे ग्रीक. तिघांचा जन्म एकाच घरातला! रोड्सच्या जुन्या तटबंदीत, धर्मयोद्ध्यांच्या दगडी गल्लीतून ते काठी टेकत चालले होते आणि गाइडची चूक काढत होते. बाबा, तुमचं त्यांच्याशी फार जमलं असतं.

आमची खोली आवरणारा मुलगा मडगावचा. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, बाप तारवटी, हाही तोच. माझं आडनाव वाचून थेट कोकणीमिश्रित मराठीत सुरू झाला. मिकोनोसला उन्हाळ्यातला तो उत्तरेचा वारा, मेल्टेमी, इतका सुटला की बोट धक्क्याला लागलीच नाही. मळमळून मी आडवी झाले होते. त्याने न सांगता हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं आणून ठेवली. बोटीवर सगळे हेच खातात म्हणे.

आणि मँचेस्टरच्या ऐंशीच्या पुढच्या बाई, वॉकर घेऊन आलेल्या. सांतोरिनीला बोट बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडात उभी राहते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो फुटला, मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. किनाऱ्यावर लहान होडीनेच जावं लागतं, ते त्यांना झेपणारं नव्हतं. त्या डेकवर खुर्ची टाकून चहा पीत बसल्या. कड्यावरची पांढरी गावं तिथूनच नीट दिसतात, हे मला वर पोचून गर्दीत चेंगरल्यावर पटलं. वर जायला पायऱ्या आहेत, खेचरं आहेत आणि केबल कार आहे. खेचरांची दया आली, मी केबल कारने गेले.

तर अशा सफरीला तुम्हीही चला, "आता आमचं कुठे वय" हे ऐकून घेणार नाही. सामान एकदाच लावायचं, रोज हॉटेल बदलायला नको, गुडघ्यांना याहून सोपं काय? जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको, वारा असतो. सप्टेंबरअखेर जाऊ. मध्ये तुर्कस्तान असलं की ग्रीससाठीचा शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा घ्यावा लागतो, ते मी बघते. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत तेवढी बघून कळवा. आणि आई, लोणच्याची बरणी नेता येणार नाही, आत्ताच सांगते.

तुमची,
सोनू