वरची खोली रंगवा, पण मी अजून दोन वर्षं इथेच आहे

प्रिय आई आणि बाबा,

काल फोनवर आई म्हणालीस ना, दिवाळीला कायमची येतेयस तर त्याआधी वरची खोली रंगवून घेऊया, तेव्हा मी गप्प झाले आणि नेट गेलं म्हणून फोन ठेवला. नेट गेलं नव्हतं. बोलताना मला रडू येईल आणि मग तुम्ही दोघं रात्रभर जागाल, म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

मी इथलं, व्हिएतनाममधल्या सायगॉनमधलं काँट्रॅक्ट अजून 2 वर्षांसाठी वाढवलंय. सही मागच्या सोमवारी केली. तुम्हाला विचारलं नाही कारण विचारलं असतं तर तुम्ही "तुझं भलं असेल ते कर" असंच म्हणाला असतात आणि ते ऐकून माझ्याने सही झाली नसती.

कारणं खूप आहेत. हाताखाली आता 6 जणांची टीम आहे, पगार वाढलाय, कौलांचं आणि माडीच्या दुरुस्तीचं कर्ज पुढच्या वर्षी फिटेल, पुण्यात अशी नोकरी शोधायची तर परत शून्यापासून सुरुवात. हे सगळं खरंच आहे. पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. पहिल्या वर्षी मी जेवणाचे हाल होतात, करमत नाही असं सांगायचे, तेव्हा ते खरं होतं, पण नंतर तसं राहिलं नाही तरी मी तेच बोलत राहिले, कारण मला इथे आवडतं हे सांगितलं तर तुम्हाला वाटेल पोरगी आपल्याला विसरली. आई, तू माझ्या काळजीने उन्हात बसून सांडगे घालून पाठवलेस आणि मी इथे पोटभर जेवत होते. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तर आता खरं सांगते. मी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी कम ताम खाते. आई, कम ताम म्हणजे आपल्या कण्या! गिरणीत तुटलेला तांदूळ, पूर्वी इथले गरीब शेतकरी तो घरी खायला ठेवायचे, आणि आता अख्ख्या सायगॉनची ही अभिमानाची डिश आहे. लोक वर भाजलेलं डुकराचं मांस घेतात, मी अंडं किंवा कोंबडी सांगते, काळजी करू नकोस. 40-50 हजार डोंग होतात, बाबा घाबरू नका, आपले दीडशे रुपये आसपास. पहिल्यांदा तो भात तोंडात घातला ना, तेव्हा आजी सुपात तांदूळ पाखडून कण्या वेगळ्या काढायची आणि मला ताप आला की त्यांचीच पेज करून मांडीवर बसवून भरवायची ते आठवलं, आणि मी त्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून रडले.

आणि असं बरंच आहे. बान सेओ म्हणजे तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचं दूध घालून केलेलं घावन, आत कोळंबी आणि मोड आलेले मूग, तव्यावर पीठ पडलं की 'सेओऽ' आवाज येतो म्हणून ते नाव. मोहरीच्या पानात गुंडाळून खायचं. कान चुआ म्हणून चिंचेचं आंबट सार असतं, त्यात मासा, अननस आणि अळूसारखे देठ, तू केलंस तर इथल्या बायकांपेक्षा छान करशील. 'चे' नावाचं गोड म्हणजे तर सरळ आपलं मणगणं, साबुदाणा, नारळाचं दूध, मूग, फक्त बर्फ घालून. नाळीची भाजी इथे रोज मिळते, लसूण घालून मोठ्या आचेवर परततात. फक्त नुक मामला वेळ लागला, बारीक मासळी मिठात घालून वर्षभर पिंपात मुरवतात त्याचं ते पाणी, वास सुक्या मासळीच्या बाजारात गेल्यासारखा. आता त्याच्याशिवाय मला जेवण अळणी लागतं.

एकटी आहेस, आजारी पडलीस तर कोण बघणार, हा तुझा नेहमीचा प्रश्न. खालच्या मजल्यावर घरमालकीण आहेत, त्यांना मी 'को' म्हणते, म्हणजे आत्या. इथे कुणालाच नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी वय विचारतात, मग ताई, दादा, काका काय ते ठरतं. आणि त्या मला 'कॉन' म्हणतात, म्हणजे लेकरू. रोज संध्याकाळी मी जिना चढताना विचारतात, "आन कम चुआ?" भात खाल्लास का? आई, तू फोन उचलल्या उचलल्या हेच विचारतेस ना. पौर्णिमेला आणि चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी त्या मांस-मासळी खात नाहीत, टोमॅटोतला टोफू करतात आणि मला वाटीभर वर पाठवतात, आपल्या सोमवारसारखंच. मला डेंग्यू झाला तेव्हा (हेही सांगितलं नव्हतं, रागावू नका, आता ठणठणीत आहे) त्यांनी 5 दिवस भाताची पेज दिली.

तरी मार्चमधली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बाबांना स्टेंट घातला आणि मी तिसऱ्या दिवशी पोचले. विमानात मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच माहीत. म्हणून आता सगळं ठरवून ठेवलंय, इथून मुंबई थेट विमान आहे, तिथून गोव्याचा मोपा विमानतळ, आणि मोपाहून आपली सावंतवाडी कितीशी लांब! तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, ऑफिसात लेखी कळवलंय की घरून फोन आला तर मी त्याच दिवशी निघणार.

पण तुम्हीही ऐकायचं. बाबा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबात बंद करायची नाही. मोती तलावाला फेरी मारा पण उन्हं उतरल्यावर, आणि फोन खिशात हवा. सिलेंडर उचलायचा नाही, शेजारचा मुलगा आहे. आई, तू गुडघ्याचा एक्सरे काढलास की नाही? मला रिपोर्टचा फोटो हवाय, "बरंय गं" नकोय. आणि रात्रीचा भात कमी कर, तुझी साखर मला माहितीये.

जानेवारीत तुम्ही इथे या. डॉक्टरांना विचारून, ते हो म्हणाले तरच. ई-व्हिसा मी काढते, 90 दिवसांचासुद्धा मिळतो. तेव्हा पाऊस नसतो. फक्त त्यांचं नवीन वर्ष, तेत, सुरू व्हायच्या आत या, नंतर दुकानं बंद असतात. बाबा, तुम्हाला 'मी सन' नावाच्या ठिकाणी न्यायचंय. दा नांगपर्यंत विमान, मग गाडी. डोंगरांच्या मधे चाम राजांनी बांधलेली विटांची शंकराची देवळं आहेत, हजार वर्षांपूर्वीची, आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे काम करताना 2020 मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. मी एकटीच गेले होते आणि हात जोडताना सारखं वाटत होतं, हे बाबांनी बघायला हवं. चालायचं थोडं आहे, आपण सावकाश जाऊ, मी हात धरीन.

दिवाळीला 12 दिवस येतेच आहे, तिकीट काढलंय. वरची खोली रंगवाच, फिकट पिवळा द्या. आणि आई, कोकमं काढून ठेव, 'को' आत्यांना सोलकढी करून घालायचीय.

तुमची,
बाय