एस्टोनियाचे धोरण: रोबो-न्यायाधीश नव्हे, गवताची कापणी

संपादक महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शर्यतीत छोट्या देशांनी काय करावे, हा विषय निघाला की एस्टोनियाचे नाव हटकून घेतले जाते आणि पाठोपाठ तिथे ‘रोबो-न्यायाधीश’ निवाडे देतो, हा किस्साही सांगितला जातो. 2019 मध्ये जगभर पसरलेली ही बातमी चुकीची असल्याचे त्या देशाच्या न्याय मंत्रालयाने 2022 मध्ये जाहीरपणे स्पष्ट केले, तरी ती अजून फिरतेच आहे. या सुरस कथेमुळे मूळ धोरणाची समंजस, पण दिसायला नीरस बाजू झाकली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुमारे साडेतेरा लाख लोकवस्तीच्या या देशाने जुलै 2019 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे पहिले राष्ट्रीय धोरण स्वीकारले, तेव्हा 2021 पर्यंतच्या काळासाठी त्यात किमान 1 कोटी युरोंची तरतूद होती. एवढ्या रकमेत बड्या कंपन्यांच्या तोडीचे भाषिक प्रारूप (चॅटजीपीटीसारख्या साधनांमागची संगणकप्रणाली) उभे राहणे शक्य नव्हते आणि धोरणकर्त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी सरकारी खात्यांतली किचकट, वेळखाऊ कामे हेरली. अनुदान घेणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या गवताळ जमिनीवरचे गवत ठरलेल्या मुदतीत कापले की नाही, हे पाहण्यासाठी पूर्वी निरीक्षक प्रत्यक्ष जात असत आणि साहजिकच थोड्याच जमिनींपर्यंत पोहोचत असत. आता युरोपीय सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमांवरून संगणक ते ताडतो. आकाश ढगाळ असले तरी रडारच्या नोंदी मिळत राहतात, आणि जिथे शंका उरते तिथे माणूस जातो. यात चमत्कार काही नाही, पण चूक झाली तर ती शेतावर जाऊन तपासता येते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

हे जमले त्याचे श्रेय 2019 च्या दस्तऐवजापेक्षा त्याआधीच्या दोन दशकांना द्यावे लागेल. 1996 मध्ये शाळांना संगणक आणि इंटरनेट पुरवणारी ‘टायगर लीप’ योजना जाहीर झाली, 2001 मध्ये ‘एक्स-रोड’ ही माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था सुरू झाली आणि 2002 पासून डिजिटल ओळखपत्रे मिळू लागली. एक्स-रोडमध्ये सारी माहिती एका कोठारात ओतलेली नसते. प्रत्येक खात्याची नोंद त्या खात्याकडेच राहते, दुसऱ्या खात्याला ती अधिकृत विचारणा करून मिळते आणि अनेक नोंदींच्या बाबतीत आपली माहिती कोणी, केव्हा पाहिली हे नागरिकाला स्वतः तपासता येते. हा पाया न घालता केवळ धोरणाची नक्कल करू पाहणाऱ्या देशांच्या हाती फारसे काही लागेल, असे वाटत नाही. अर्थात पायालाही तडे जातात: 2017 मध्ये ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रे, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची सोय, स्थगित करावी लागली. सरकारने तो दोष लपवला नाही, ही त्यातली जमेची बाजू.

भाषेच्या बाबतीतही त्यांनी उशीर केला नाही. सुमारे अकरा लाख लोकांच्या एस्टोनियन भाषेसाठी बाजार आपणहून काही करणार नाही, हे ओळखून सरकारने 2006 पासूनच भाषा-तंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला.

माझी शंका आहे ती नव्या टप्प्याविषयी. फेब्रुवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष अलार कारिस यांनी ‘एआय लीप’ उपक्रम जाहीर केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून दहावी-अकरावीच्या सुमारे 20,000 विद्यार्थ्यांना व 3,000 शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने देण्याची ती योजना होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला त्यात स्थान आहे, हे योग्यच. मात्र यातली मुख्य साधने परदेशी कंपन्यांची आहेत. गवत कापले की नाही याची खातरजमा शेतावर जाऊन होते, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची विचार करण्याची सवय वाढली की खुंटली, हे एका हंगामात कळत नाही. म्हणून या उपक्रमाचे मूल्यमापन साधने पुरवणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेल्या संशोधकांनी करावे आणि निष्कर्ष प्रतिकूल असले तरी ते प्रसिद्ध व्हावेत. शिवाय, आपली नोंद कोणी पाहिली हे जाणण्याचा जो हक्क एस्टोनियाने नागरिकाला एक्स-रोडवर दिला, तोच विद्यार्थ्याला या साधनांशी झालेल्या संभाषणांबाबतही मिळायला हवा.

– एक वाचक