पेंग्विनांच्या पोटाचा प्रश्न

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेतील सायमन्स टाऊन या गावात माणसांच्या शेजाराने राहणाऱ्या पेंग्विनांवरील माहितीपट-मालिकेचे कौतुक आपल्या रविवार पुरवणीत वाचले आणि नातवंडांबरोबर मीही ती पाहिली. या पक्ष्यांचा आवाज हुबेहूब गाढवासारखा असल्याने पहिल्याच भागात आमच्या सौभाग्यवती उठून खिडकीबाहेर डोकावून आल्या. रस्त्याने डुलत जाणारी जोडपी आणि उभ्या मोटारीखाली सावली धरून बसलेला पक्षी हे सारे मनोहर आहे. परंतु ते पाहून वाहने आणि कुत्री-मांजरे एवढेच त्यांच्यावरचे संकट असावे, असा मुलांचा समज झाला. आपल्या मजकुरातही त्यापलीकडे काही नव्हते, म्हणून हे पत्र.

पूर्वी हे पक्षी बेटांवर साचलेल्या विष्ठेच्या जाड थरात बिळे करून अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात तो थर खत म्हणून खरवडून विकला गेला. शेणखताच्या एका ट्रॉलीला आज काय भाव द्यावा लागतो हे जाणणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना तो लोभ कळतो. पण तेव्हापासून या पक्ष्यांना अनेक ठिकाणी उघड्यावर, झुडपांच्या विरळ सावलीत अंडी उबवावी लागतात.

खरे दुखणे मात्र पोटाचे आहे. तारली आणि मांदेलीच्या कुळातले छोटे मासे हे त्यांचे मुख्य अन्न. त्यातले काही पूर्वेकडे सरकले, तर उरलेल्यांवर मोठ्या जाळ्यांच्या बोटी टपलेल्या. नर-मादी आळीपाळीने पिलांपाशी थांबतात, त्यामुळे मासा लांब गेला की एकाची फेरी लांबते आणि घरट्यात उपासमार होते. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची वाट पाहणारी मुले आमच्या बीड जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. येथे हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय वर्षातून एकदा पिसे गळतात, तेव्हा सुमारे तीन आठवडे त्यांना पाण्यात उतरता येत नाही, आणि आधी अंगावर चरबी साठली नसेल तर तो उपास जिवावर बेततो.

२०२४ मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' ठरली, कारण जगभरात तिच्या दहा हजारांहूनही कमी जोड्या उरल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये पक्षिसंवर्धन संस्था आणि मच्छीमार उद्योग यांच्यात न्यायालयासमोर तडजोड झाली आणि सहा वसाहतींभोवतीच्या ठरावीक पाण्यात दहा वर्षे या माशांची व्यावसायिक मासेमारी बंद राहील असे ठरले. दोन ओळींत का होईना, ही बातमी त्या मजकुरात यायला हवी होती.

एक दुरुस्तीही सुचवतो. मजकुरासोबत छापलेले छायाचित्र मुंबईच्या राणीच्या बागेतील पेंग्विनांचे आहे. ते दक्षिण अमेरिकेतील हम्बोल्ट जातीचे, म्हणजे मालिकेतील पक्ष्यांचे फार तर चुलत भाऊ. दिसायला सारखे असल्याने चूक सहज होते, पण आमच्या नातवाने ती आपल्या आधी पकडली.

आपला,
एक वाचक, पाटोदा (जि. बीड)