जावई बाहेरच्या बाकावर का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी मामी पारशी. तिने आणि मामांनी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. मामीच्या आईची शेवटची दोन वर्षे त्यांच्याच घरी गेली. औषधपाणी, रात्रीची जागरणे मामांनीच केली. त्या गेल्या तेव्हा विधी सुरू होण्यापूर्वी मामांना आणि माझ्या मामेभावाला पाच मिनिटे मुखदर्शन मिळाले आणि नंतर, पारशी नसलेल्यांना विधीला बसता येत नाही म्हणून, दोघांना बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. पांढऱ्या डगलीतले नातलग दोघादोघांनी रुमालाची टोके धरून, म्हणजे पैवंद करून, पार्थिवामागे चालू लागले तेव्हा मामेभाऊही तसाच एक पांढरा रुमाल मुठीत धरून उभा होता. तो त्याने घरून येतानाच खिशात ठेवला होता.

मामीला निदान आत जाता आले. लग्नानंतर स्त्रीने पतीचाच धर्म स्वीकारला असे मानावे लागेल, असा निकाल गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हिंदू पुरुषाशी लग्न केलेल्या पारशी गुलरुख गुप्ता यांच्या प्रकरणात दिला होता. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या भूमिकेवर प्रश्नचिन्ह लावले, तेव्हा कुठे वलसाडच्या पारशी अंजुमनने, म्हणजे तिथल्या पारशी समाजाच्या संस्थेने, गुलरुख यांना आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्याची तयारी दाखवली. एका मुलीला एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागावे, हे मला अजूनही पचत नाही.

हा वाद जुना आहे. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सूझान यांनी पारशी धर्माची दीक्षा घेतली होती, तरीही धर्मांतरितांना पारशी न्यासांच्या अग्यारी (अग्निमंदिरे) आणि दखम्यांवर (पार्थिव ठेवण्याचे मनोरे) हक्क नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये ठरवले. पारशी पित्याच्या मुलांना मात्र त्याच निकालाने समाजात धरले, आणि पारशी आईच्या मुलांकडे बोट दाखवताना आजही तोच आधार सांगितला जातो. सूझान, त्यांचे पती आणि पुत्र जे. आर. डी. हे तिघेही पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत विसावले आहेत.

२०११च्या जनगणनेत देशात पारशी उरले होते अवघे ५७,२६४. अशा समाजाला आपली ओळख पुसली जाण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, आणि धर्मगुरूंनी शुद्धतेचे नियम सोडावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु मृताच्या पोटच्या मुलीला, जावयाला आणि नातवंडांना प्रार्थना चालू असताना दिसेल, ऐकू येईल इतक्या अंतरावर बसू दिल्याने कोणता नियम मोडतो, याचे उत्तर विश्वस्तांनी द्यावे.

महापालिकांनीही हात झटकू नयेत. वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ मध्ये प्रार्थनागृह झाले. दहनाचा पर्याय निवडणाऱ्या पारशी कुटुंबांची तेथे सोय झाली आणि इतर धर्मीयांनाही त्याचे दार मोकळे आहे. पुणे, नाशिक, नागपूर अशा प्रत्येक मोठ्या शहरात असे एक तरी सभागृह हवे.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, मामी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. एकाच्या पार्थिवाजवळ दुसऱ्याला शेवटपर्यंत बसता येईल आणि दोघांच्याही प्रार्थना म्हणता येतील, अशी जागा ते त्यांच्या शहरात गेले वर्षभर शोधत आहेत.

आपला नम्र,
एक वाचक