‘डीप पर्पल’चा वाद गिटारपाशीच का अडतो?

संपादक महोदय,
स. न.

‘डीप पर्पल’ या इंग्लिश रॉक बँडच्या उत्तरकाळाविषयी चाहत्यांमध्ये चालणाऱ्या वादात ‘गिटारवादक रिची ब्लॅकमोर गेला तेव्हाच बँड संपला’ असे मानणारा एक पक्ष असतो आणि त्याच्यानंतरच्या स्टीव्ह मोर्सची कड घेणारा दुसरा. २०२२ साली मोर्सने पत्नीच्या आजारपणामुळे बँड सोडला व सायमन मॅकब्राइड आला, तेव्हापासून वादाला तिसरे तोंड फुटले आहे. माझ्या मते हे सगळेच गिटारवादकाभोवती घुटमळत राहतात आणि खरा मोठा बदल नजरेआड करतात.

तो बदल २००२ साली, बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड निवृत्त झाला तेव्हा घडला. हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या वाद्याचा आवाज गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून त्याने त्या वाद्याला असा खरखरीत, गुरगुरता नाद दिला होता, की ‘हायवे स्टार’ या गाण्यात ऑर्गन गिटारच्या साथीला बसत नाही, तिच्याशी झुंजतो. १९६९ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह बँडने सादर केलेली रचनाही लॉर्डचीच. ब्लॅकमोरला ऑर्केस्ट्राचा तो मार्ग रुचला नाही आणि पुढच्याच वर्षी ‘इन रॉक’ हा दणदणीत अल्बम आला. पण दोघांच्या या ओढाताणीतच बँडचा बाज घडला, हे विसरता येत नाही. ब्लॅकमोर १९९३ साली ऐन दौऱ्यातून निघून गेल्यावरही तो बाज टिकला, कारण ऑर्गनवर लॉर्ड होता. १९९५ साली मुंबईतील कार्यक्रमात मोर्स अगदी नवा असूनही ‘डीप पर्पल’ची ओळख पुसली गेली नाही, हे त्याचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला पटेल.

‘मूळ संच’ हा आग्रह तर मुळातच डळमळीत आहे. ज्या संचाने १९७२ चा ‘मशीन हेड’ हा अल्बम केला, तोच दुसरा संच होता; पहिला गायक रॉड इव्हान्स आणि बासवादक निक सिंपर १९६९ मध्येच बाहेर पडले होते. पुढे १९८० साली याच इव्हान्सने भलत्याच वादकांना घेऊन ‘डीप पर्पल’ या नावाने कार्यक्रम केले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल त्याच्या विरोधात लागला. सर्व संचांत राहिलेला एकमेव वादक म्हणजे ड्रमर इयन पेस, आणि त्याच्या नावाने मात्र कोणी भांडत नाही.

लॉर्डच्या जागी आलेल्या डॉन एअरीला मी कमी लेखत नाही. ब्लॅकमोरच्याच ‘रेनबो’ या बँडमध्ये वाजवलेला तो जाणता वादक आहे आणि २०१३ च्या ‘नाऊ व्हॉट?!’ या अल्बममध्ये, विशेषतः लॉर्डच्या स्मृतीला वाहिलेल्या ‘अनकॉमन मॅन’ या गाण्यात, त्याचे काम उत्तम आहे. त्याचा हात सफाईदार आहे. लॉर्डच्या वादनात पुढच्या क्षणी काय होईल याची जी धास्ती असे, ती मात्र मला त्यात आढळत नाही. गायक इयन गिलनचा आवाज वयाने उतरला याची हळहळ सगळेच करतात (ती रास्तही आहे), पण या फरकाविषयी चार ओळीही वाचायला मिळत नाहीत.

२०१६ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या अमेरिकेतील संस्थेने बँडचा गौरव केला, तेव्हा मोर्स आणि एअरी या दोघांनाही मानकऱ्यांच्या यादीतून वगळले होते. चाहत्यांचा संताप मी वाचला तो बहुतेक मोर्ससाठी होता; एअरीची तोवरची चौदा वर्षे त्यातही हिशेबात धरलेली दिसली नाहीत.

आपला,
एक वाचक, पुणे