वयाचा पुरावा मागा, आधार नको

महोदय,

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांवर वयपडताळणी सक्तीची झाली आणि लगेच, आपली जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणाऱ्या व्हीपीएन ॲप्सचे डाउनलोड भराभर वाढले. व्हीपीएन लावले की संकेतस्थळाला दुसऱ्याच देशातल्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो, त्यामुळे वय विचारले जात नाही. आता तिथे व्हीपीएनवरच निर्बंधांची मागणी होते आहे. हे लोण इकडे आले तर नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत बसून परदेशातल्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी करायचे काय? त्यांची जोडणीही व्हीपीएनवरूनच होते. फुकटच्या व्हीपीएनपासून मात्र मुलांना दूरच ठेवा. आपली सगळी इंटरनेट वाहतूक त्या अनोळखी कंपनीच्या हातून जाते.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागणार आहे. म्हणजे पालकांचीही तपासणी आलीच. त्यासाठी कंपन्यांनी ओळखपत्रांचे फोटो साठवणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपच्या बाहेरच्या सेवादाराकडून सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागल्याचे समोर आले. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख नाही!

डिजिलॉकरसारख्या यंत्रणेने कंपनीला फक्त ‘१८ पूर्ण : होय’ एवढाच टोकन (डिजिटल दाखला) द्यावा, आणि तोच सक्तीचा करावा. तोवर आधार द्यावेच लागले तर मायआधार पोर्टलवर ओटीपी टाकून, डाउनलोड करताना ‘मास्क्ड’चा पर्याय निवडा. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. फोटो आणि जन्मतारीख मात्र झाकली जात नाही.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर